सुप्त ठसे कसे उमटवायचे: गुन्हे-तपासात नव्यानं येणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

ठसे उमटवायला शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी ब्रश उचलतो. पावडर फिरवली की रेषा उमटतात, हे आपण चित्रपटांत आणि बातम्यांत इतकं पाहिलेलं असतं की ठसा म्हणजे पावडर असंच समीकरण डोक्यात बसतं. न्यायसहायक विज्ञानाच्या वर्गात, पुढे प्रयोगशाळेत आणि घटनास्थळी मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहितो आहे: पद्धती बऱ्याच आहेत आणि त्यांतली जवळपास कुठलीच अवघड नाही. अवघड आहे तो क्रम. प्रत्येक पद्धत ठशातल्या एखाद्या घटकाचा वापर करते आणि तसं करताना दुसरा एखादा घटक धुते, झाकते किंवा जाळते. चुकीची पद्धत आधी वापरली, तर नंतरची बरोबर पद्धत हात चोळत बसते. ठसा दुसऱ्यांदा कोणी देत नाही.

१. ठसा कशाचा बनलेला असतो ते आधी समजून घ्या

ठसे तीन प्रकारचे. रक्त, रंग, ग्रीस लागलेल्या बोटाचा डोळ्यांना दिसणारा ठसा. मेण, ओलं पुट्टी, साबण यांत दबून झालेला साच्यासारखा ठसा. आणि सुप्त ठसा, म्हणजे नुसत्या घामाचा आणि तेलाचा, जवळजवळ न दिसणारा. हा लेख मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

तळहात आणि बोटांच्या टोकांवर फक्त घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नाहीत. या घामात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. उरलेल्या थोडक्यात क्षार, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि अमिनो आम्लं येतात. अमिनो आम्लांत सेरीनचं प्रमाण सर्वाधिक. तेल येतं ते चेहऱ्याला, केसांना हात लावल्यामुळे. म्हणजे एका ठशात दोन गट असतात: पाण्यात विरघळणारा (क्षार, अमिनो आम्लं) आणि न विरघळणारा (तेल, मेद). पुढची प्रत्येक निवड या दोन गटांवर ठरते. निनहायड्रिन अमिनो आम्लांवर काम करतं, सिल्व्हर नायट्रेट क्लोराइडवर, पावडर ओलावा आणि तेलाच्या चिकटपणावर. वस्तू पावसात भिजली असेल तर पहिला गट वाहून गेलेला असतो आणि निनहायड्रिनची बाटली उघडण्यात अर्थ उरत नाही. हे एवढं पक्कं झालं की निम्मी पाठांतराची गरज संपते.

२. सोबत काय हवं

प्रत्येक ठिकाणची पेटी वेगळी असते, पण यातलं काही नसेल तर काम अडतं:

- नायट्राइल हातमोजे (भरपूर, वस्तू बदलली की मोजे बदला), मास्क, डोक्याची जाळी
- जोरदार टॉर्च आणि शक्य असल्यास निळ्या-हिरव्या प्रकाशाचा स्रोत, त्याला जुळणारे नारिंगी चष्मे
- मॅक्रो लेन्सचा कॅमेरा, ट्रायपॉड, मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी
- काळी, पांढरी किंवा राखाडी आणि चुंबकीय पावडर. काचतंतूंचा किंवा खारीच्या केसांचा मऊ ब्रश, चुंबकीय कांडी
- पारदर्शक लिफ्टिंग टेप, जेल लिफ्टर, काळी आणि पांढरी कार्डं
- कागदी पाकिटं, खोके, सील, लेबलं, न पुसणारं पेन
- घरातल्या माणसांचे ठसे घ्यायची शाई किंवा स्कॅनर

शेवटची गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात. घरफोडीत कपाटावर सापडणारे बहुतेक ठसे त्या घरातल्यांचेच असतात. त्यांचे ठसे त्याच दिवशी घेतले नाहीत तर पुढे आठवडाभर तुम्ही काकूंच्या अंगठ्याची तुलना करत बसता.

३. हात मागे ठेवा, आधी पाहा

घटनास्थळी पोहोचल्यावर पहिली काही मिनिटं काहीही उघडू नका. आत आलेला माणूस कुठून आला असेल, कशाला हात लावल्याशिवाय त्याला पुढे जाता आलं नसतं, हे मनात चालवा. खिडकीच्या गजाची आतली बाजू, सरकत्या काचेची कड, लॉकरचं दार, बाजूला काढून ठेवलेला दिवा.

मग खोलीतला उजेड कमी करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून फिरवा. तिरप्या प्रकाशात काचेवरचे, पॉलिश केलेल्या लाकडावरचे, ओट्याच्या ग्रॅनाइटवरचे कितीतरी ठसे कुठलंही रसायन न लावता दिसतात. या पायरीला एकही पैसा लागत नाही आणि तिच्यामुळे काहीही नष्ट होत नाही. तरीही तीच सर्वाधिक वगळली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्यानंतर निळ्या-हिरव्या प्रकाशात नारिंगी चष्म्यातून पाहा. काही ठसे, विशेषतः बोटाला आणखी काही लागलेलं असेल तर, आपणहून चकाकतात.

ठसा सापडला की पुढचा प्रश्न: इथून डीएनए घ्यायचा आहे का? पुसट, रेषा फिस्कटलेला ठसा तुलनेला निरुपयोगी असतो, पण त्यातल्या पेशी कामाच्या असू शकतात. ब्रश एका जागेचं जैविक द्रव्य दुसरीकडे नेतो, म्हणून हा निर्णय पावडरीच्या आधी व्हायला हवा. आणि पावडर जास्त झाली म्हणून तोंडानं फुंकर कधीही मारू नका. त्या फुंकरीतून तुमचा डीएनए वस्तूवर जातो.

४. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर फोटो

ठसा उमटवताना कधीही बिघडू शकतो. फोटो असेल तर निदान आधीच्या टप्प्यापर्यंतचा पुरावा शाबूत राहतो. आधी लांबून एक, म्हणजे ठसा खोलीत कुठे आहे ते कळावं, मग जवळून, मग मोजपट्टी ठशाच्याच पातळीत ठेवून, कॅमेरा पृष्ठभागाशी काटकोनात आणि ट्रायपॉडवर. कॅमेरा किंचित तिरका असेल तर रेषांमधली अंतरं बदलतात. संगणकावर चढवताना मूळ आकारात इंचाला १००० पिक्सेल मिळतील इतका जवळून फोटो हवा. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. उजळपणा वगैरे जे बदलायचं ते प्रतीवर.

फोटोत वरची दिशा दाखवणारा बाण ठेवा. काचेचा ठसा असेल तर आतून की बाहेरून, हे त्याच क्षणी लिहा. खिडकीच्या बाहेरच्या बाजूचा ठसा वाटेनं जाणाऱ्या कोणाचाही असू शकतो. आतल्या बाजूच्या ठशाचा अर्थ वेगळा. न्यायालयात सारा युक्तिवाद या एका ओळीवर फिरू शकतो.

५. पृष्ठभाग ओळखा

आता निवड सुरू होते. प्रश्न एकच: हा पृष्ठभाग ठसा शोषून घेतो का?

कागद, पुठ्ठा, कच्चं लाकूड शोषून घेतात. ठसा आत मुरतो आणि तिथे बराच काळ टिकतो. काच, स्टील, प्लॅस्टिक, रंगवलेला पत्रा शोषत नाहीत. ठसा वर तरंगतो आणि एका घासण्यानं जातो. चकचकीत मासिकाचं मुखपृष्ठ, मेणकागद, काही प्रकारची पॅकिंगची खोकी मधल्या गटात येतात आणि त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंच्या पद्धती क्रमानं वापराव्या लागतात. याच्या जोडीला तीन उपप्रश्न विचारा: ओलं झालं होतं का, तेलकट किंवा चिकट आहे का, रक्त आहे का. यांपैकी एकाचंही उत्तर होय असेल तर थेट आठव्या टप्प्यावर जा.

६. न शोषणारे पृष्ठभाग: पावडर आणि सुपरग्लू

जागेवरून हलवता येत नाही अशा गोष्टींसाठी (दार, काउंटर, गाडी) पावडर. रंग पार्श्वभूमीच्या विरोधी निवडा. थोडी पावडर कागदावर काढून घ्या. ब्रश डबीत बुडवला तर एका घटनास्थळाचं द्रव्य दुसऱ्या घटनास्थळी जातं. ब्रशची फक्त टोकं टेकवा. रेषा दिसायला लागल्या की ब्रश रेषांच्या वळणाच्या दिशेनं न्या आणि लवकर थांबा. अजून थोडं उठावदार करू, या मोहात रेषांमधल्या मोकळ्या जागा भरून जातात आणि मग काही करता येत नाही.

चुंबकीय पावडर सुंदर काम करते, कारण केस पृष्ठभागाला लागतच नाहीत. पण आपल्या घरांतल्या लोखंडी कपाटांवर ती वापरू नका. पावडर पत्र्यालाच चिकटून बसते. तिथे साधी पावडर.

टेप लावताना एका टोकापासून सुरू करून बोटानं दाबत पुढे न्या, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. टेप उचलून विरोधी रंगाच्या कार्डावर चिकटवा आणि कार्डावर लगेच ठिकाण, तारीख, वेळ, दिशा, सही. जेल लिफ्टरवरचा ठसा आरशासारखा उलटा असतो, तसा शेरा मारायला विसरू नका. काचेच्या मागच्या बाजूनं घेतलेल्या फोटोचंही तसंच.

उचलून नेता येणाऱ्या वस्तूंवर (बाटली, पिशवी, मोबाइल, चाकू) मात्र माझा आग्रह असा की पावडर लावूच नका, प्रयोगशाळेत सुपरग्लूची धुरी द्या. बाजारात मिळणाऱ्या त्या झटपट डिंकातलं सायनोअॅक्रिलेट गरम केलं की त्याची वाफ ठशातल्या ओलाव्याशी संयोग पावून रेषांवर कडक पांढरा थर बनवते. जपानी पोलिसांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत पुढे आणली. बंद पेटी, सुमारे ८० टक्के आर्द्रता आणि १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारी तबकडी एवढी सामग्री लागते. पेटीत अॅल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर स्वतःचा एक ठसा ठेवा. तो पांढरा होताच थांबा. धुरी कमी पडली तर पुन्हा देता येते, जास्त झाली तर परत फिरता येत नाही. तबकडी फार तापवू नका आणि पेटी हवा खेचून घेणाऱ्या कपाटात ठेवा. वाफ डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देते, आणि अती तापल्यास विषारी वायू तयार होतो. घरी खोक्यात हा प्रयोग करू नका.

पांढरा ठसा पांढऱ्या प्लॅस्टिकवर दिसत नाही. अशा वेळी बेसिक यलो ४० किंवा ऱ्होडामिन ६-जी हे रंग वापरून, धुऊन, योग्य प्रकाश आणि फिल्टरमधून पाहा. कडक झालेला ठसा नंतर पावडरही सहन करतो. म्हणून क्रम असा: फोटो, धुरी, फोटो, रंग, फोटो, मग हवी तर पावडर.

७. कागद

कागदावर पावडर घासणं ही शिकाऊ मंडळींची सर्वांत महाग चूक. कागदाचा क्रम रसायनांचा आहे आणि तो कडक आहे.

रसायनाच्याही आधी विचारा: या कागदावरच्या लिखाणाची तपासणी व्हायची आहे का? धमकीचं पत्र, बनावट करार, धनादेश असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञाचं काम आधी. वरच्या पानावर लिहिताना खालच्या कागदावर उमटलेले दाब द्रावणात भिजल्यावर जातात. अॅसिटोनमध्ये केलेलं निनहायड्रिन बॉलपेनची शाईही पसरवतं.

पहिली पायरी आयोडीनची वाफ, वापरायची असेल तर. तपकिरी ठसा काही वेळात आपोआप उडून जातो, म्हणून फोटो तयार ठेवा. त्यानंतर डीएफओ किंवा १,२-इंडेनडायोन. ही दोन्ही अमिनो आम्लांशी जुळतात आणि हिरव्या प्रकाशात चकाकणारे ठसे देतात. डीएफओला १०० अंशांवर सुमारे २० मिनिटं कोरडी उष्णता लागते. मग निनहायड्रिन.

शिकताना तुमच्या हाती बहुधा निनहायड्रिनच येईल. झीगफ्रीड रूहमान यांनी ते १९१० मध्ये शोधलं, पण ठशांसाठी वापरावं ही सूचना स्वीडनमधून १९५४ मध्ये आली. ठशाला येणारा जांभळा रंग आजही रूहमान यांच्या नावानं ओळखला जातो. कागद द्रावणातून एकदाच सरकन काढा, वाळू द्या, मग ८० अंश आणि साधारण ६५ टक्के आर्द्रतेत ठेवा. यंत्र नसेल तर अंधाऱ्या जागी ठेवून धीर धरा. एक-दोन दिवसांत रंग येऊ लागतो, काही ठसे आठवड्यानंतरही उठतात. इस्त्रीनं घाई केली की पार्श्वभूमीच जांभळी होते. हिरव्या फिल्टरमधून फोटो घेतला तर रेषा अधिक गडद येतात. उजेडात रंग फिका पडतो, म्हणून फोटो त्याच दिवशी. आणि हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावलात तर तुमचीच बोटं जांभळी होतील, तीही काही दिवस.

शेवटी चांदीवर आधारलेली द्रावणं. सिल्व्हर नायट्रेट घामातल्या क्लोराइडशी जुळतं आणि उजेडात काळं पडतं. फिजिकल डेव्हलपर पाण्यात न विरघळणाऱ्या भागावर काम करतं. ही पायरी कायम सर्वांत शेवटी, कारण यानंतर कागदावर आणखी काही करता येत नाही.

एक खास सापळा: एसटीचं यंत्रावरचं तिकीट, एटीएमची पावती, दुकानाचं बिल हे बहुधा उष्णतेनं छापणाऱ्या कागदावर असतं. उष्णतेनं किंवा अॅसिटोनसारख्या द्रावकानं तो कागद काळा ठिक्कर पडतो आणि ठसाही जातो, मजकूरही. अशी पावती दिसली की नेहमीचं निनहायड्रिन नको. त्यासाठीच्या वेगळ्या द्रावणाची प्रयोगशाळेत चौकशी करा.

८. पाऊस, तेल, टेप, रक्त

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिजलेले पुरावे येणारच. भिजलेली वस्तू हेअर ड्रायरनं किंवा उन्हात वाळवू नका. सावलीत, मोकळ्या हवेत. गाडीचा पत्रा, काच, प्लॅस्टिक असेल तर ओलं असतानाच सूक्ष्मकणांचं द्रावण फवारा. साबणाच्या पाण्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कण मिसळून ते करतात. कण तेलाला चिकटतात आणि राखाडी ठसा उमटतो. गडद पृष्ठभागासाठी पांढऱ्या कणांचं मिळतं. वरून हलकं स्वच्छ पाणी सोडून जादा कण धुवा. भिजलेल्या कागदाला निनहायड्रिन नाही, सिल्व्हर नायट्रेटही नाही. फिजिकल डेव्हलपर किंवा ऑइल रेड ओ हा तेलाला रंगवणारा लाल रंग.

स्वयंपाकघरातल्या तेलकट थरावर पावडर सगळीकडेच चिकटते. तिथे सुदान ब्लॅक हा तेलाला रंगवणारा काळा रंग. चिकटपट्टीच्या चिकट बाजूला जेन्शियन व्हायोलेट किंवा काळ्या पावडरीची लुगदी. पट्टी ओढून सोडवू नका, गुंडाळलेली असेल तर तशीच प्रयोगशाळेत न्या. जेन्शियन व्हायोलेटच्या जुन्या कृतीत फिनॉल असतं, ते त्वचा भाजतं.

रक्तातल्या ठशाला आधी फोटो, मग जीवशास्त्र विभागाशी बोलणं, मग रसायन. अमिडो ब्लॅक रक्तातल्या प्रथिनांना निळसर काळा रंग देतं, पण आधी सल्फोसॅलिसिलिक आम्लानं रक्त स्थिर करावं लागतं, नाहीतर ठसा वाहून जातो. अशा वस्तूला सुपरग्लूची धुरी आधी देऊ नका. तिच्या थरामुळे रक्तासाठी वापरायच्या अशा रंगांना अडथळा येऊ शकतो.

९. पंचनामा, पॅकिंग आणि कायदा

कोरड्या वस्तू कागदी पाकिटात किंवा खोक्यात, न घासतील अशा अडकवून. ओलसर वस्तू प्लॅस्टिकमध्ये बंद केली की बुरशी येते. प्रत्येक मुद्देमालाला क्रमांक, पंचांच्या सह्या, सील. पंचनाम्यातलं वर्णन आणि लेबलावरचं वर्णन शब्दशः एक हवं. "स्टीलचा डबा" आणि "धातूचं भांडं" एवढ्या फरकावरही बचाव पक्ष प्रश्न उभा करतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं अपेक्षित आहे. व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रण होतं, म्हणजे तुमचा प्रत्येक हात कॅमेऱ्यात असणार. तज्ज्ञाचं मत ग्राह्य ठरतं ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली. महाराष्ट्रात ठशांची तुलना गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे असते, तर रसायन, डीएनए वगैरे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे. नोकरीसाठी अर्ज करताना या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा.

१०. तुलनेबद्दल थोडंच

उमटवणारा आणि तुलना करणारा एकच असेल असं नाही, पण एक गोष्ट दोघांनीही जाणायला हवी. सुप्त ठशाचं विश्लेषण आधी, संशयिताच्या ठशाकडे पाहण्याआधी, लिहून ठेवायचं. मग तुलना, मग मूल्यमापन, मग दुसऱ्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र पडताळणी. २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटांत एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयनं ओरेगॉनमधले वकील ब्रँडन मेफील्ड यांचा ठरवला. पडताळणी करणाऱ्यांनीही होकार दिला. मेफील्ड यांना अटक झाली. ठसा दुसऱ्याच माणसाचा होता, हे स्पॅनिश पोलिसांनी दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, वर्गीकरणाचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं. या परंपरेतल्या आपल्यासारख्यांना तर मेफील्ड प्रकरण पाठ हवं.

आणखी एक: "हा ठसा किती दिवसांचा आहे?" असं तपास अधिकारी हमखास विचारतात. ठशाचं वय खात्रीनं सांगणारी पद्धत नाही. दबावाखाली आकडा सांगू नका.

११. सराव कसा करावा

वर्गातला ताजा, घामेजलेला ठसा कोणालाही उमटवता येतो. खरे ठसे जुने आणि पुसट असतात. म्हणून एकच बोट हात न चोळता सलग दहा काचपट्ट्यांवर टेकवा; प्रत्येक पुढच्या पट्टीवर द्रव्य कमी होत जातं आणि तुमचा हात कुठपर्यंत पोहोचतो ते कळतं. दोन पद्धतींची तुलना करायची असेल तर कागदाचे दोन तुकडे कडेला कड लावून जोडावर बोट टेकवा, मग तुकडे वेगळे करून एकावर एक पद्धत, दुसऱ्यावर दुसरी. ठसा एकच असल्यामुळे फरक स्पष्ट दिसतो. काही पट्ट्या आठवडाभर, काही महिनाभर ठेवा, काही पाण्यात बुडवा. पावसाळ्यात हाच सराव पुन्हा करा, कारण दमट हवेत पावडर गुठळते आणि सुपरग्लूची वेळही बदलते. प्रत्येक पट्टीची नोंद वहीत ठेवा: पृष्ठभाग, हवामान, पद्धत, निकाल, फोटोचा क्रमांक. साक्षीला उभं राहिल्यावर "ही पद्धत तुम्ही याआधी अशा पृष्ठभागावर वापरली होती का?" असं विचारलं जाईल, तेव्हा ही वही तुमच्याजवळ असू द्या.